पेन्सिल, सेलोटेप आणि दहा बोटं: घरच्या घरी ठसे घ्या, वाचा, आणि मग गाईचं नाकही बघा

सामान आधी सांगते, बहुतेक सगळं घरातच असतं. मऊ शिसाची पेन्सिल (४ बी किंवा ६ बी, ड्रॉइंगवाली, साध्या एचबीने पण होतं पण ठसा फिका येतो), पारदर्शक सेलोटेप एक इंच रुंदीची, कोरे पांढरे कागद आणि मोबाइल. ब्राउन पॅकिंग टेप आणू नका, त्यातून काय दिसणार. स्टॅम्प पॅडची शाई पण चालते, पोलीस पण शाईने घेत आलेत, पण घरात सहा-सात वर्षांची पोरं असतील तर सोफा, भिंत, फ्रिज सगळीकडे ठसे मिळतील आणि ते पुसायला तुम्हीच लागाल, म्हणून पेन्सिल.

आता कृती. हात साबणाने धुवायचे आणि एकदम कोरडे करायचे. हे वाक्य इंटरनेटवर सगळेच लिहितात पण ते ठाण्यात राहत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हात पुसला तरी दोन मिनिटात परत चिकट, आणि ओल्या बोटाला शिसं लागलं की त्याचा लगदा होतो, रेषा दिसतच नाहीत. तर फॅनखाली बसा, बोटं फूफू करून वाळवा, आणि एका वेळी एकच बोट घ्या. कागदावर पेन्सिलने साधारण काडेपेटीएवढा काळाकुट्ट पॅच घासून काढा. त्यावर बोटाचं टोक ठेवून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळू फिरवा, दाबून घासू नका. मग सेलोटेपचा तुकडा बोटावर एका बाजूने लावत लावत दुसऱ्या बाजूला न्या, हलकं दाबा, उचला, कोऱ्या कागदावर चिकटवा. झाला ठसा. लगेच खाली लिहा कुठलं बोट, उजवं की डावं. नंतर लिहू म्हणालात तर संपलं, दहा ठसे झाल्यावर कुणालाही आठवत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते कारण पुढे घोळ होतो. टेपचा ठसा तुम्ही टेपच्या पाठीमागून बघता, त्यामुळे तो बोट समोर धरल्यावर जसं दिसतं तसाच सुलटा असतो. शाईचा ठसा मात्र उलटा पडतो, आरशातल्यासारखा. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी तुलना करताना डावं-उजवं उलटं वाटलं तर घाबरू नका.

आता मोबाइलने फोटो काढा आणि झूम करा. काळ्या रेषा म्हणजे बोटावरचे उंचवटे, पांढऱ्या जागा म्हणजे मधल्या खोलगट चऱ्या. ठसा चांगला आला असेल तर काळ्या रेषेतच बारीक पांढरे ठिपके दिसतील, ती घामाची छिद्रं. आधी दिसले नाहीत तर उजेड एका बाजूने पाडून बघा.

प्रकार ओळखायला आपल्या आज्यांनी शिकवलेलं शंख आणि चक्र पुरेसं आहे, फक्त तिसरा एक वाढवायचा, कमान. पण नुसतं बघून "गोल दिसतंय म्हणजे चक्र" असं करू नका, तिथेच लोकं चुकतात. डेल्टा शोधा. डेल्टा म्हणजे तीन बाजूंनी येणाऱ्या रेषा जिथे भेटतात ती जागा, ठाणेकरांना सांगायचं तर तीन हात नाका. बोटावर असा नाका एकही नसेल तर कमान, रेषा एका बाजूने येतात, मधे थोडं वर उठतात, दुसऱ्या बाजूने निघून जातात. एक असेल तर शंख, म्हणजे रेषा एका बाजूने आत शिरतात, वळतात आणि त्याच बाजूने परत जातात. दोन असतील तर चक्र. चक्राचा डेल्टा बऱ्याचदा अगदी कडेला असतो, नखाजवळ, म्हणून बोट पूर्ण फिरवून ठसा घ्यायला सांगितलं. नुसतं टोक टेकवलं तर दुसरा नाका कागदावर येतच नाही आणि चक्राला शंख समजून बसता.

जगभर सगळी बोटं धरली तर साधारण ६० ते ६५ टक्के शंख, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि कमानी पाचेक टक्के. म्हणजे चौघांच्या घरात चाळीस बोटं, त्यात चोवीस-पंचवीस शंख निघाले तर नेहमीचंच. माणसांच्या गटागणिक हे कमी-जास्त होतं, आशियात चक्रं जरा जास्त भेटतात, त्यामुळे तुमच्याकडे चक्रं जास्त आली तर लगेच कुणाला राजयोग वगैरे सांगू नका.

इथपर्यंत सगळेच करतात. मला खरी मजा वाटते ती पुढच्या भागात, कारण ह्या दहा ठशांवरून तुम्ही तुमचा स्वतःचा नंबर काढू शकता, आणि ती पद्धत आपल्या देशात तयार झालीय. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, रस्त्याच्या मालाचं कंत्राट होतं. हेतू एवढाच की नंतर हा माणूस "सही माझी नाही" म्हणू नये. हर्शेल मग नादालाच लागला, स्वतःचे ठसे कित्येक वर्षांच्या अंतराने परत परत घेत राहिला आणि बघितलं की नक्षी बदलत नाही. पण हजारो ठसे जमा झाले की त्यातून एक शोधायचा कसा हा प्रश्न होताच. तो सुटला कलकत्त्यात. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोन पोलिसांनी गणित बसवलं, १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं ऑफिस सुरू झालं, १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनी, म्हणजे स्कॉटलंड यार्डने, तेच उचललं, आणि नाव कुणाचं लागलं तर त्या दोघांच्या वरच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. जगभर अजून हेन्री पद्धतच म्हणतात. असो.

तर नंबर असा काढायचा. बोटांना क्रमांक द्या, उजवा अंगठा १, उजवी तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५, मग डावा अंगठा ६ आणि तसंच पुढे डाव्या करंगळीपर्यंत १०. आता फक्त चक्रं मोजायची, शंख आणि कमानीला शून्य. बोट १ किंवा २ वर चक्र असेल तर १६ गुण, ३ आणि ४ ला ८, ५ आणि ६ ला ४, ७ आणि ८ ला २, ९ आणि १० ला १. सम क्रमांकाच्या बोटांचे गुण वर, विषम क्रमांकाच्या बोटांचे खाली, आणि दोन्हीत एक एक मिळवायचा. समजा कुणाला उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे. सम बोटं कुठली, अनामिका ८ आणि डावा अंगठा ४, झाले १२, अधिक १ म्हणजे १३. विषम एकच, उजवा अंगठा १६, अधिक १ म्हणजे १७. नंबर १३/१७. वर ३२ शक्यता, खाली ३२ शक्यता, एकूण १०२४ कप्पे. कॉम्प्युटर नसताना हवालदार कागद घेऊन सरळ त्या कप्प्याशी जायचा आणि तिथलेच कागद तपासायचा. एकही चक्र नसेल तर तुम्ही १/१ मध्ये, तिथे भयंकर गर्दी. दहाही बोटांवर चक्र असेल तर ३२/३२. ज्योतिषी त्याला चक्रवर्ती म्हणतात, पोलिसांच्या दप्तरात तो शेवटचा कप्पा.

सोसायटीतल्या पोरांना गणिताचा कंटाळा असेल तर हे करून घ्या, बेरीज करतायत हे त्यांना कळत पण नाही.

पण नंबर म्हणजे ओळख नाही हं, एकाच कप्प्यात हजारो माणसं असतात. खरी ओळख बारीक खुणांत. एखादी रेषा मधेच संपते, एखादी फुटून दोन होतात, कुठे दोन रेषा वेगळ्या होऊन परत मिळतात आणि मधे छोटं तळं तयार होतं, कुठे नुसता ठिपका. झूम केलेल्या फोटोवर अशा दहा खुणा लाल पेनने गोल करा आणि मग त्याच बोटाचा दुसरा ठसा घेऊन त्याच खुणा त्याच जागी सापडतात का बघा. सापडतात. मग भावाचा किंवा बहिणीचा ठसा घ्या, नक्षी सारखी वाटली तरी खुणा जुळणार नाहीत. जुळी भावंडं ओळखीत असतील तर सोन्याहून पिवळं, अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे सुद्धा ठसे वेगळे. अर्थात जुळवणारा माणूसच असतो आणि तो चुकू शकतो. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेत बॉम्बस्फोट झाले तेव्हा एका पिशवीवरचा अर्धवट ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला, त्याला आत टाकलं, आणि नंतर स्पेनच्या पोलिसांनी तो भलत्याच माणसाचा निघाल्याचं दाखवल्यावर माफी मागावी लागली.

जुळ्यांचे वेगळे का, तर ठसा आईच्या पोटात तयार होतो आणि त्यात नुसता आनुवंशिकतेचा हात नसतो. साधारण दहाव्या आठवड्याच्या सुमाराला बोटाच्या टोकावर छोट्या फुगीर गाद्या असतात आणि त्यावर रेषा उमटायला लागतात, सतराव्या-अठराव्या आठवड्यापर्यंत नक्षी ठरून जाते. गादी उंच असताना रेषा आल्या तर चक्राकडे कल, गादी बसत आल्यावर आल्या तर कमान, मधल्या अवस्थेत शंख. २०२३ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की रेषा तीन ठिकाणांहून लाटेसारख्या पसरत येतात, गादीच्या मधून, नखाखालून आणि बोटाच्या पेराकडून, आणि त्या कुठे भेटतात त्यावर नक्षी ठरते. घराण्याचा वाटा आहेच, डेल्टापासून मध्यापर्यंत किती रेषा लागतात ते मोजून दहा बोटांची बेरीज केली तर आई-बाप आणि मुलांचे आकडे बऱ्यापैकी जवळ येतात. घरी करून बघण्यासारखं आहे, टोकदार पेन्सिल आणि पेशन्स पाहिजे फक्त.

आणि आता ज्या कारणासाठी हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं ते. मॉलमध्ये, शाळेच्या मेळाव्यात, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये येऊन पोरांच्या दहा बोटांचे ठसे घेतात आणि हजारो रुपयांना चाळीस पानी रंगीत रिपोर्ट देतात, ह्याचा मेंदू असा, ह्याला सायन्स द्या, हिला कॉमर्स. डीएमआयटी म्हणतात त्याला. त्याला शास्त्रीय आधार नाही. वर सांगितलं तेवढंच ठशात असतं, गर्भात असताना बोटाची गादी कशी होती आणि रेषा कशा पसरल्या. त्यावरून पोराला घोडबंदर रोडचा कुठला क्लास लावायचा हे कळत नाही. नंबर काढायची पद्धत आता तुम्हाला येते, ती फुकट आहे आणि निदान खरी आहे.

पुढचा प्रयोग, स्टीलच्या पेल्यावरचा ठसा. पेला पुसून चकचकीत करा. आता बोट आधी कपाळावर किंवा नाकाच्या बाजूला फिरवा आणि मग पेल्याला लावा. कारण बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथी नसतातच, तिथे फक्त घाम येतो, तेल जे लागतं ते आपण दिवसभर चेहऱ्याला, केसांना हात लावत बसतो त्यातून. मग मेकअपच्या एकदम मऊ ब्रशवर थोडी टाल्कम पावडर घ्या, झटका, आणि ठशावरून अलगद फिरवा. काळ्या कागदावर टेपने उचला. पांढऱ्या कपासाठी टाल्कमऐवजी कोको पावडर किंवा पेन्सिलीचं शिसं कुटून. इथे पण पावसाळ्यात पावडरीच्या गुठळ्या होतात, ऑक्टोबर ते मे जास्त छान जमतं. मोठ्या माणसाचा आणि लहान मुलाचा ठसा एकाच दिवशी पेल्यावर ठेवून दोन दिवसांनी पावडर मारून बघा, लहान मुलाचा बऱ्याचदा फिका पडलेला असतो. वयात येण्याआधी मुलांच्या त्वचेवरचं तेल वेगळं असतं, त्यातले घटक लवकर उडून जातात, आणि पोलिसांना लहान मुलांच्या केसमध्ये ही खरी अडचण येते. फेविक्विकच्या वाफेने ठसे काढायचे व्हिडिओ बघून घरात करायला जाऊ नका, ती वाफ डोळ्याला आणि घशाला वाईट.

आता प्राणी. इथे शाई, पेन्सिल, टेप सगळं बाजूला ठेवायचं, फक्त फोटो.

कुत्र्यापासून सुरू करा. पंजावर काही मिळत नाही, नाक बघायचं. झोपलेला असताना बाजूने उजेड येईल असा जवळून फोटो काढा, नाकावर छोटे छोटे उंचवटे आणि मधून चऱ्या दिसतील, प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या. फ्लॅश नको, जागा होऊन कॅमेराच चाटेल. गाईचं तर आणखी भारी. देवळाबाहेर गाय आणि गवताच्या पेंड्या घेऊन मावशी बसलेल्या असतात ना, एक पेंडी विकत घ्या, मावशींना विचारा आणि गाय खात असताना नाकाचा फोटो काढा. ओठाच्या वरचा जो ओला काळा भाग आहे त्यावर मण्यांसारखे उंचवटे आणि लांबट पट्टे असतात. १९२० च्या दशकापासून गुरं ओळखायला हे वापरतात, नाक पुसून कोरडं करायचं, शाई लावायची आणि कागद टेकवायचा. गाईचं नाक सतत ओलं, त्यामुळे ते काम किती वैतागाचं असेल बघा. आपल्याकडे गुरांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, पण बिल्ला पडतो, किंवा पाडला जातो, आणि मग विम्याच्या वेळी भांडणं. नाक बदलता येत नाही, म्हणून आता मोबाइलवर नाकाचा फोटो घेऊन ओळखायचे प्रयत्न चालू आहेत.

माणसासारखे खरे बोटांचे ठसे मात्र माकडांच्या आणि वानरांच्या हाताला. येऊरला, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, गेटजवळ माकडं दिसतात, त्यांच्या तळव्यावर आणि बोटांवर पण अशाच रेषा आहेत, पण ते लांबूनच समजून घ्या, खायला देऊन हात बघायला गेलात तर तुमच्याच हातावर वेगळी नक्षी उमटेल. दक्षिण अमेरिकेतल्या स्पायडर मंकीच्या तर शेपटीच्या आतल्या बाजूला, टोकाकडे, केस नसलेली जागा असते आणि तिथे पण रेषा, कारण तो शेपटीने फांदी धरतो. चिंपांझी, गोरिला हे आपले नातेवाईकच, त्यांना ठसे असणारच. पण कोआला? तो पोटाला पिशवी असलेला प्राणी, कांगारूच्या बाजूचा, आपली आणि त्याची वाट १० कोटी वर्षांहून आधी वेगळी झालेली, आणि तरी त्याच्या बोटांचे ठसे माणसाच्या इतके जवळचे की नीट बघितल्याशिवाय फरक कळत नाही. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी हे मांडलं. त्याच्या जवळच्या नातेवाईकांना, वॉम्बॅट आणि कांगारूंना, असे ठसे नाहीत. कोआला झाडाला धरून चढतो आणि निलगिरीची पानं निवडून निवडून खातो, म्हणजे पकडणं आणि चाचपणं हेच काम, आणि त्या कामातून दोन वेगळ्या घराण्यांत तीच नक्षी स्वतंत्रपणे आली.

पकडीबद्दल एक गंमत आहे. ठशांमुळे पकड घट्ट होते असं आपण शाळेत ऐकलं, पण २००९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी गुळगुळीत ॲक्रिलिकवर मोजलं तर चऱ्यांमुळे बोटाचा टेकणारा भाग उलट कमीच होतो. त्याच वर्षी फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की खरखरीत गोष्टीवरून बोट फिरवताना ह्या रेषांमुळे होणारी थरथर आतल्या नसांना नेमकी कळेल अशी होते. तांदळात खडा बोटाने सापडतो तो असाच.

बिबट्याला बोटांचे ठसे नाहीत पण अंगावरचे ठिपके तेच काम करतात. येऊरच्या जंगलात बिबटे मोजताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण त्याच बिबट्याची डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकांशी जुळत नाही, दोन्ही फोटो नसतील तर एकाचे दोन मोजले जातील. वाघाच्या पट्ट्यांचं पण तसंच. समुद्रात हंपबॅक व्हेल शेपटीच्या खालच्या बाजूने ओळखतात, आणि व्हेल शार्क माशाच्या अंगावरचे ठिपके जुळवायला आकाशातले तारे जुळवायचं गणित वापरलंय, हे मला फार आवडतं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे ठसे शेवटी घ्या, त्याला वेळ लागतो. वयाने त्वचा सैल पडते, रेषा पुसट होतात, आणि आयुष्यभर भांडी, सिमेंट, विटा केलेल्या हातांच्या तर झिजतात. रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही म्हणून रांगेत ताटकळणारी माणसं बघितली असतील. अंगठा लागत नसेल तर हात कोमट पाण्याने धुवून, पुसून, किंचित क्रीम चोळून पाच मिनिटांनी लावा, कोरड्या त्वचेवर फरक पडतो, नाहीतर दुसरं बोट द्या, आणि आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन नावाच्या औषधाने पण ठसे पुसट होऊ शकतात. आणि काही मोजक्या कुटुंबांत तर जन्मतःच ठसे नसतात, बोटं गुळगुळीत. एसएमएआरसीएडी१ नावाच्या जनुकातल्या बदलाने हे होतं असं २०११ मध्ये सापडलं, आणि विमानतळावर अडकून पडतात म्हणून डॉक्टरांनी त्याला इमिग्रेशन डिलेचा आजार असं चेष्टेतलं नाव ठेवलं.

झालेल्या कागदांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला तर नाहीच. पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका हॅकरने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा नुसत्या फोटोंवरून बनवून दाखवला होता, आणि आपल्याकडे ठशांच्या नकला करून आधारवरून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

कागदाच्या मागे नाव आणि तारीख लिहून जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे आधारसाठी ठसे घेत नाहीत, पाचव्या वर्षी आणि मग पंधराव्या वर्षी घेतात, तर त्या दोन्ही वेळी घरी पण एकेक कागद करा आणि शेजारी ठेवून डेल्टापासून मध्यापर्यंतच्या रेषा मोजा. बोट वाढलेलं असेल, रेषा जाड आणि लांब लांब झालेल्या असतील, आकडा तोच येईल.